नऊ खणांचा परवाना

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आप्पा आधी वर बघायचे. घरातली माणसं नमस्कार करत असायची, कुणी सतरंजी झटकत असायचं, आणि हा पांढऱ्या टोपीतला उंच माणूस मान वर करून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत उभा असायचा. मग मान खाली यायची आणि ते म्हणायचे, "सात. बरं, कसं काय चाललंय?"

सात म्हणजे सात खण. मातीच्या सपाट छताच्या, म्हणजे माळवदाच्या घराला साधारण पाच-पाच फुटांवर एक तुळई असते आणि दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढं आहे हे आमच्याकडची जुनी माणसं खणातच सांगायची. आप्पा नगरपालिकेत बांधकाम परवान्याच्या टेबलावर होते. तीस-बत्तीस वर्षं लोकांची घरं खणात मोजून त्यांच्या मानेला ती सवयच लागली होती. एकदा ऑफिसातले आम्ही सगळे एका घरी मयत झाली म्हणून भेटायला गेलो. आप्पांनी सवयीनं वर पाहिलं. गेलेल्या माणसाच्या भावाला वाटलं, हे देवाकडे बघताहेत, आणि त्यानं नवा हुंदका काढला. बाहेर आल्यावर आप्पा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "अकरा हायत, माय. परवाना आठाचाच हाय."

गावाचं नाव मी सांगत नाही. आप्पांचंही सांगत नाही. अशी माणसं तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत पाहिली असतील, आणि पाहिली असतील तर नावावाचून अडायचं नाही.

मी नांदेडची. नकाशे काढण्याचं शिक्षण घेतलं होतं, आणि लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला त्या धामधुमीत या तालुक्याच्या गावी आरेखक म्हणून माझी नेमणूक झाली. ऑफिसात बाईमाणूस मी एकटीच. पहिल्या दिवशी गेले तेव्हा आप्पा खिडकीपाशी बसून दाढीच्या पात्यानं रबरी शिक्का कापत होते. शिक्क्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, नवा शिक्का आला नव्हता, म्हणून ते जुनं नाव खरवडून काढत होते. मी विचारलं, नवा येईपर्यंत थांबता येणार नाही का? ते म्हणाले, "लोक थांबलेत व्हय घरं बांधायचे?"

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात सदऱ्याच्या आत इष्टलिंग, कोटाच्या खिशात फुटांची टेप. शाळा निजामाच्या काळात झालेली, त्यामुळे सही उर्दूत. क्षेत्रफळाला ते रकबा म्हणायचे, चुकीला गलती, आणि मला पहिल्या दिवसापासून माय. माझा स्वभाव तेव्हा फटकळ होता, आता नाही असं म्हणणार नाही, पण आप्पांनी माय म्हटलं की फटकन बोलायला जीभ वळायची नाही.

त्यांच्याकडे नकाशा घेऊन कुणी आलं की ते नकाशा उघडायचेच नाहीत. बाजूला ठेवायचे, चपला शोधायचे आणि म्हणायचे, "आधी जाग्यावर जाऊ." साहेबांचा नातेवाईक असो की हमाल, दोघांना तेच. जागेवर जाऊन टेप लावायची, शेजाऱ्याला हाक मारून हद्द विचारायची, आणि मग तिथंच दगडावर बसून नकाशा उघडायचा. घरमालक चहा आणायचा. आप्पा म्हणायचे, "परवाना व्हईस्तवर न्हाई." परवाना झाल्यावर तो पुन्हा चहा आणायचा. तेव्हा म्हणायचे, "नोकरी हाय तवर न्हाई." उन्हाळ्यात फार झालं तर अर्धा पेला पाणी घ्यायचे. मला हे पहिल्यांदा ढोंग वाटलं. सहा महिने मी वाट पाहिली, कुठं तरी हा माणूस गुपचूप भजी खाताना सापडेल म्हणून. सापडला नाही.

आता मुद्द्याकडे येते.

जिल्हा झाला आणि गाव वाढायला लागलं. नवी ऑफिसं, नवे कारकून, नव्या बदल्या. भाड्याला खोली मिळेना, म्हणून जो तो बांधायला निघाला. पालिकेनं ठराव केला की बांधकाम परवान्याचे दर बदलायचे. तोपर्यंत फी खणावर होती. खण मोजले, फी भरली, काम झालं. नव्या दरात फी चौरस मीटरवर, दुकान असेल तर वेगळी, आणि मोकळ्या जागेवरही वेगळा आकार. गावात दवंडी फिरली की पुढच्या एक तारखेपासून नवे दर लागू. पारावर लोक म्हणाले, आता अंगणाला फी, उद्या सावलीला बी लावतील.

आप्पांना मात्र दरवाढ पटलेली होती. ते म्हणायचे, "गाव वाढायलंय. नाल्या कशातून करायच्या, रस्ते कशातून करायचे? वाढला दर, बरोबर हाय. पर ज्यानं आदल्या दिशी अर्ज दिला, त्याला आदल्या दिसाचाच दर. त्यात मागं-पुढं न्हाई."

त्या शेवटच्या आठवड्यात आमच्या दारात ही रांग लागली. एक तारखेच्या आत अर्ज द्यायचा म्हणून माणसं पहाटेच येऊन बसायची. जुने छापील अर्ज तिसऱ्या दिवशीच संपले. नवे अर्ज, नव्या दरासाठी छापलेले, गठ्ठ्यानं येऊन पडले होते. साहेब म्हणाले, हेच वापरा. साहेब म्हणजे आमचे मुख्याधिकारी. तरुण होते, हुशार होते, आणि कायम मिटिंगला निघालेले असायचे.

नव्या अर्जात एक रकाना होता. बांधकामाचं क्षेत्र, चौरस मीटर. खणांचा रकानाच नव्हता. आणि आप्पांना तर जुन्या दरानं, खणावर फी घ्यायची होती. म्हणून त्यांनी जागा बघून त्याच रकान्यात खण लिहिले. कुणाचे सात, कुणाचे अकरा, कुणाचे नऊ. शेजारच्या कारकुनानं तोच आकडा परवान्यावर उतरवला, जिथं पुढं चौरस मीटर हे शब्द आधीच छापलेले होते. मी नकाशा जोडलेला आहे एवढं पाहून कोपऱ्यात आद्याक्षरं घातली. साहेबांनी सही केली. आमच्या ऑफिसात नऊ म्हटलं की नऊ खण. ते कुणाला वेगळं वाचताच येत नव्हतं. एक्केचाळीस घरांचे परवाने असे गेले.

मग पाऊस गेला. म्हणजे आधीच्या वर्षीही धड नव्हता, त्या वर्षी पूर्ण गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले, टँकरपाशी घागरींच्या रांगा लागल्या, आणि पालिकेनं हुकूम काढला की बांधकामाला पाण्याचा एक थेंब द्यायचा नाही. गावभर नवी घरं जोत्यापर्यंत येऊन थांबली. जिकडं बघावं तिकडं गुडघाभर उंचीचे दगडी चौकोन, आणि त्यांच्यावर वाळत घातलेलं धुणं.

त्यातलंच एक जोतं गिरिजाबाईचं. गिरिजाबाई बाजाराच्या मागे, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ चालवायची. नवरा कधीच गेलेला, लेक सासरी दिलेली. नव्या जिल्ह्यानं गावात आणलेले सगळे एकटे जीव तिच्याकडे जेवायचे. मास्तर, तलाठी, दवाखान्यातला कंपाउंडर, आणि मीही. शेडच्या मालकानं जागा सोडायला सांगितली होती. वर्षाची मुदत दिली होती. तिनं अंगावरचं होतं-नव्हतं मोडून गावाकडेला तुकडा घेतला आणि नऊ खणांचं, पत्र्याचं घर बांधायला काढलं. पुढं पाच खण, मागं चार, मागचा एक कोपरा मोकळा. तिथं स्वतः राहायचं आणि तिथंच खानावळ चालवायची. दुसरा काही बेत तिच्याकडे नव्हता.

एका दुपारी ती परवान्याचा कागद घेऊन ऑफिसात आली. तिला वाचता येत नव्हतं. आदल्या दिवशी जेवताना तलाठ्यानं तो कागद वाचला आणि त्याचा घास तोंडातच राहिला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "हे तलाठी काय म्हणायलेत बघा. म्हणे ह्या कागदात मावशी तुमची चूल बी मावत न्हाई."

आप्पांनी कागद घेतला, वाचला, आणि म्हणाले, "नऊ हायत की. बरोबर हाय."

मी उठून कागद पाहिला. नवाच्या पुढं चौरस मीटर हे शब्द होते. मी खडू घेतला आणि ऑफिसच्या शहाबादी फरशीवर तीन मीटर बाय तीन मीटरचा चौकोन काढला. म्हटलं, आप्पा, नऊ चौरस मीटर म्हणजे हे. नऊ खण म्हणजे पन्नास.

आप्पा टेबलामागून उठले. त्या चौकोनापाशी आले, रेघ न पुसता आत गेले आणि मधोमध उभे राहिले. मग खाली बसले. हात लांब करून रेघेपर्यंत किती अंतर राहतं ते पाहिलं. कोपऱ्यात चूल धरली, एका बाजूला अंथरूण धरलं, आणि त्या बाईच्या तीस जेवणाऱ्यांची पंगत कुठं बसेल ते शोधायला लागले. गिरिजाबाई रेघेबाहेर उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. मग ते म्हणाले, "असे किती गेले, माय?"

मी नोंदवही उघडली. एक्केचाळीस.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता एवढंच. म्हणाले, परवान्यात खाडाखोड चालणार नाही. नऊ मीटरच्या परवान्यावर पन्नास मीटर बांधलं तर ते बेकायदा, लातूरहून तपासणी आली की पाडा म्हणतील. तेव्हा एक्केचाळीसही परवाने रद्द करा आणि नवे अर्ज घ्या. नवे अर्ज म्हणजे नवे दर. गिरिजाबाईच्या घराची नवी फी मी तिथल्या तिथं काढली. त्या पैशात तिचे पत्रे आले असते.

बाहेर बांधकामाचे ठेके घेणारा एक गुत्तेदार बसलेला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आप्पांना म्हणाला, "कशाला डोकं लावता आप्पा? नवापुढं एक शून्य टाका. नव्वद व्हतेत. कोण बघायलंय?"

आप्पा म्हणाले, "नऊ बी खोटं आन नव्वद बी खोटं. खरं पन्नास हाय. ते कुठून आणू ते बघायलोय."

दोन दिवस ते कपाटातली जुनी पुस्तकं उपसत होते. तिसऱ्या दिवशी जुन्या नियमांचं पुस्तक काखेत मारून साहेबांसमोर उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अर्ज मुदतीत आलाय. फी जुन्या नियमानं, खणावर घेतलीय, तशी पावती आहे. सोबतच्या नकाशात खरी मापं आहेत. चुकलाय तो फक्त आकड्याचा रकाना. तर प्रत्येक जागा पुन्हा मोजू, नकाशाशी जुळली तर शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा करू, आणि शुद्धिपत्रक काढू. जुळली नाही तर तो परवाना खुशाल रद्द करा.

साहेबांनी पुस्तक दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पुढच्या सभेपर्यंत मोजा. पण शुद्धिपत्रकाला चूक कोणाची याचा लेखी खुलासा लागेल, आप्पा. तुमच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत."

"म्हायती हाय," आप्पा म्हणाले.

मी रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले आणि सांगितलं की आद्याक्षरं माझी आहेत, चूक माझीही धरा. साहेबांनी आप्पांचा खुलासा माझ्यापुढं सरकवला. त्यात आप्पांनी लिहिलं होतं की गर्दीमुळं आरेखक बाईंना कागद वाचायला वेळ न देता मी आद्याक्षरं घेतली. हे साफ खोटं होतं. मला वेळ होता. मीच वाचलं नव्हतं. मी तरातरा आप्पांकडे आले आणि म्हणाले, एका आकड्यासाठी गाव पालथं घालायला निघालात आणि इथं खुशाल खोटं लिहिता? ते टेपची गुंडाळी करत होते. म्हणाले, "तुझी नोकरी आत्ता कुठं सुरू व्हायलीय, माय. चल, ऊन वाढायच्या आत दोन जागा व्हतील." मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकं रडू येत होतं, की पहिल्या जागेची मापं मी उलटीच लिहिली.

त्या उन्हाळ्यात आम्ही एक्केचाळीस जोती मोजली. दुष्काळाला मी कधी चांगलं म्हणणार नाही, पण एक उपकार त्यानं केला होता. पाण्यावाचून भिंती चढल्या नव्हत्या, त्यामुळे सगळी घरं उघडी होती आणि टेप सरळ लागत होती.

जोत्यावर कुठूनही चढता येतं. कुठंही पाय टाका, गुडघाभर तर उंची. पण आप्पा तसं कधी चढले नाहीत. घराच्या बाईला विचारायचे, "दार कुठून हाय?" ती दाखवायची. मग ते वळसा घालून तिथपर्यंत जायचे, बाहेर चपला काढायचे आणि त्या नसलेल्या दारातून आत शिरायचे. मला पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्या घरापासून मीही चपला काढायला लागले. दगड तापलेले असायचे, पाय पोळायचे, पण काढायचे.

आत गेल्यावर पुरुषांना बाजूला करून ते बाईलाच विचारायचे, "चूल कुठं? देव कुठं? बाळंतिणीची खोली कुठं?" आणि त्या बायका, घागरीसाठी पहाटेपासून रांगेत उभ्या राहून थकलेल्या त्या बायका, पदर खोचून आम्हाला घर दाखवायच्या. इथं चूल, इथं जातं, इथं खिडकी म्हणजे रस्ता दिसतो. एकीनं तर आम्हाला बाहेरून आतल्या खोलीत नेताना भिंत लागते म्हणून वळवून नेलं. चहूकडं रखरख होती, झाडाला पान नव्हतं, आणि मी रोज दोन-तीन नव्या घरांतून हिंडून येत होते. माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस ते.

चाळीस जागा जुळल्या. वीतभर इकडं-तिकडं होतं, ते नियमात बसत होतं. गिरिजाबाईची जागा आम्ही शेवटी ठेवली होती, कारण ती घरचीच होती.

पुढची बाजू जुळली. पाच खण. मागं गेलो. मी टेपचं टोक धरून मोकळ्या कोपऱ्याकडे गेले आणि तिथं कोपरा मोकळा नव्हता. दगड बसलेले होते. मागंही पाचच खण होते.

गिरिजाबाई म्हणाली, "गवंडी म्हणला, मावशी, दगड उरलेत, कोपरा बी भरून घ्या, कोण बघायलंय. म्हणलं पोरं वाढायलीत जेवायला, व्हईल."

आप्पा जोत्यावर खाली बसले. सभा दोन दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच यायचे होते. कागदावर नऊ खण, जमिनीवर दहा. जुळलं नाही तर परवाना रद्द, हे त्यांनीच साहेबांना सांगितलं होतं.

मी हळूच म्हटलं, आप्पा, नऊ लिहा. मी सही करते. एक कोपरा कुणाला दिसणार आहे?

"तुला दिसला की," ते म्हणाले.

गिरिजाबाईचा तोल गेला. इतके दिवस ती आप्पांसमोर मोठ्यानं बोलली नव्हती. "एका कोपऱ्यापायी माझं घर घालवता काय आप्पा? शेडमालक दोन महिन्यांत बाहेर काढायलाय मला. कुठं जाऊ ह्या भांड्याकुंड्याला घेऊन? तुमची गलती, आन भोगू म्या?"

त्यांना लागावं म्हणूनच ती बोलली होती, आणि लागलंही. आप्पांचा चेहरा मी पाहिला, आणि नको होता पाहायला असं वाटलं. पण ते चिडले नाहीत. म्हणाले, "गलती माझीच हाय बाई. तसं मी लिहून दिलंय. पर हा कोपरा ठिवला तर घर जाईल. कोपरा काढला तर घर राहील. आज काढू. फुडं-मागं हातात आलं की त्याचा निराळा परवाना काढा आन बांधा की."

एवढं बोलून त्यांनी कोट काढला, घडी करून माझ्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि कोपऱ्यातल्या पहिल्या दगडाला हात घातला. अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस, जन्मभर दौत-टाकावर बसलेला. दगड हलेना. गिरिजाबाई थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग डोळे पुसत आली आणि दुसऱ्या बाजूनं तिनं दगड धरला.

ऑफिसं सुटल्यावर तिचे जेवणारे आले. जेवण का नाही म्हणून विचारायला आले होते, आणि मास्तर, तलाठी, कंपाउंडर, सगळे बाह्या सारून दगड उचलायला लागले. मी कोट खाली ठेवून त्यांच्यात गेले. दिवेलागणीपर्यंत कोपरा साफ झाला. त्या संध्याकाळी गिरिजाबाईनं तिथंच तीन दगडांची चूल मांडून पिठलं केलं. आप्पा तिथंही जेवले नाहीत. अर्धा पेला पाणी घेतलं आणि सोललेल्या बोटांना गिरिजाबाईच्या पदराची चिंधी बांधून घरी गेले.

सकाळी पंच आले. पुढं पाच, मागं चार. जुळलं.

सभेत शुद्धिपत्रक मंजूर झालं. आप्पांनी एक्केचाळीस जणांना बोलावून घेतलं आणि प्रत्येकाच्या हातात कागद देताना त्यावरचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. गिरिजाबाईचं पन्नास चौरस मीटर वाचलं तेव्हा ती म्हणाली, "ते राहू द्या. खणात सांगा." आप्पा म्हणाले, "नऊ." तेव्हा कुठं तिनं कागद कपाळाला लावला.

आप्पांना लेखी ताकीद मिळाली. सेवापुस्तकात तशी नोंद झाली. बत्तीस वर्षांत एवढी एकच. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर त्यांनी मला ती नोंद वाचून दाखवायला सांगितली. मी रागानं भरभर वाचली. ते म्हणाले, "सावकाश वाच. साहेबानं अक्षर चांगलं काढलंय." चौकशीमुळं त्यांच्या पेन्शनचे कागद काही महिने अडकून राहिले, त्याबद्दल मात्र ते कुणाकडे अवाक्षर बोलले नाहीत.

त्यानंतर पाऊस झाला, पाणी सुटलं, आणि गावभर भिंती वर यायला लागल्या. गिरिजाबाई मुदत संपायच्या चार दिवस आधी नव्या घरात गेली. चौकट बसली त्या दिवशी आप्पा आले आणि नोकरी सुटल्याबद्दल पोटभर चहा प्यायले. लागोपाठ तीन कप. वर्षभरानं त्यांची बायको वारली, तेव्हापासून ते गिरिजाबाईकडेच जेवायला लागले. दोन्ही वेळा. भाकरी आवडली नाही तर तसं तोंडावर सांगायचे. मोकळ्या कोपऱ्यात बाज टाकलेली असायची, तिथं बसून आल्यागेल्याला जिल्ह्याच्या बातम्या विचारायचे.

माझी बदली नांदेडला झाली. लग्न झालं, विष्णुपुरीच्या बाजूला आम्ही बिऱ्हाड केलं. आप्पांची पत्रं येत. मोडीसारख्या वळणाचं मराठी आणि खाली उर्दू सही. मग पत्र आलं ते तलाठ्याच्या अक्षरातलं. आप्पा झोपेतच गेले होते. मला दिवस गेलेले होते, जाता आलं नाही.

वर्षभरानं, कडेवर लेक घेऊन, मी त्या गावी गेले. गिरिजाबाईच्या दारातून सरळ मागं गेले, आणि थांबले. कोपरा मोकळा नव्हता. भिंती चढल्या होत्या, वर पत्रे होते, आत पंगत बसली होती. माझा फटकळपणा तोंडातून निसटलाच. म्हटलं, "आप्पांनी डोळे मिटले आणि कोपरा भरला का मावशी?"

तिनं देवाच्या फळीमागून एक पिशवी काढली आणि तिच्यातला कागद माझ्या हातात दिला. कोपऱ्याचा परवाना. साडेपाच चौरस मीटर. नव्या दरानं भरलेली फी, पावती जोडलेली. तारीख पाहिली. आप्पांना जाऊन तेव्हा महिना झाला होता.

"तिथला बाबू म्हणला, एवढ्याशा खोलीला कशाला परवाना मावशी, टाका पत्रे," ती म्हणाली. "म्या म्हणलं, लिही बाबा. जाग्यावर ये आन मोज. आला न्हाई. मग मास्तराला टेप धराया लावली."

मी म्हटलं, "मग आप्पा होते तेव्हाच का नाही काढला? त्यांना किती बरं वाटलं असतं."

गिरिजाबाईनं कागद माझ्याकडून घेतला, घडी करून पिशवीत ठेवला.

"ते असताना काढला असता तर त्यांना वाटलं असतं, ही माझ्या भ्यानं काढायली," ती म्हणाली. मग लेक माझ्या कडेवरून घेऊन मला म्हणाली, "बस आता. भाकर गार व्हायलीय."

पंगतीतले दोघे सरकले आणि मला जागा झाली.